साडीवर जर्किन घातलं की मी पोस्टमन दिसते, काही उपाय?

मास्तरीणबाई (परभणी)
२१ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. प्रश्न हसण्यासारखा आहे, आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा जिंतूर रोडला, घरापासून पाऊण तास. सकाळी सातला निघते तेव्हा आज मोबाइलवर १० अंश दाखवत होतं. आमच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारातला पारा दर हिवाळ्यात एक आकडी होतो आणि पेपरात परभणी महाबळेश्वरापेक्षा थंड म्हणून छापून येतं. त्याच दिवशी दुपारी एकला माझ्या वर्गातली लेकरं पंख्याखालच्या जागेसाठी भांडत असतात, हे मात्र कुणी छापत नाही.

आठवड्यातून चार दिवस मी साडी नेसते. साडीवर नवऱ्याचं चेनवालं जर्किन, डोक्याला कानटोपी, वरून स्टोल. परवा आमचे शिपाई मामा फाटकातच म्हणाले, "मॅडम, मनीऑर्डर कुणाची आणली?"

ही झाली रोजची गोष्ट. मोठी अडचण पुढं आहे. १२ डिसेंबरला नणंदेचं लग्न आहे, जालन्याला, उघड्या लॉन्सवर, गोरज मुहूर्त. म्हणजे पाठवणी होईपर्यंत रात्रीचे अकरा. मागच्या वर्षी जावेच्या भावाच्या लग्नात पैठणीवर मरून स्वेटर घातला होता. अल्बममध्ये १४ पानांवर माझा मरून स्वेटर आहे. पैठणी कुठंच नाही.

घरात आहे ते सांगते. मोरपंखी पैठणी, लाल काठ. ठुशी, मोहनमाळ, मोत्याच्या कुड्या आणि मोठे झुमके. आणि सत्काराच्या शाली. सासरेही मुख्याध्यापक होते. आज सगळ्या काढून मोजल्या, १७ भरल्या. नारळ संपले, शाली राहिल्या.

दोन हजारांच्या आत काय होईल? नवा स्वेटर घ्या असं कृपया सांगू नका.

---

खोबरंवडी (पुणे)
२१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

साडीवर लांब कोट सध्या खूप छान दिसतो! उंटाच्या रंगाचा घ्या, मोकळा सोडा, कमरेला बेल्ट, खाली घोट्यापर्यंतचे बूट. एकदम वेगळा लूक येईल.

---

मास्तरीणबाई
२१ नोव्हेंबर, रात्री १०:३२

ताई, आवडलं असतं. पण दुपारी एकला तो कोट ठेवू कुठं? वर्गात एकच कपाट आहे आणि त्यात खडू नि पोषण आहाराची वही आहे. शिवाय बुटात जोडवी टोचतात, मागच्या वर्षी करून पाहिलंय.

---

कात्रीकाकू (जालना)
२२ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

मास्तरीणबाई, लग्न आमच्या गावात आहे म्हणून लिहायला बसले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं.

मी जुन्या जालन्यात ब्लाउज शिवते. २६ वर्षं झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नाचा हंगाम, आणि ह्या चार महिन्यांत बाया माझ्याकडं येऊन पाठीचा गळा नऊ इंच खोल मागतात, मग लॉन्सवर जाऊन कुडकुडतात आणि नवऱ्याचा कोट अंगावर घेतात. हे मी दरवर्षी बघते. माझं शिवण कोटाखाली जातं ह्याचं मला जास्त वाईट वाटतं, खरं सांगते.

पुण्याच्या ताईंचा कोट वाईट नाही. पण तो दिवसभर थंडी असलेल्या गावचा. आपल्याकडं थंडी दिवसातून दोनदा येती आणि दोनदा जाती. म्हणून आपल्याला जे पाहिजे ते अंगावरून निघालं पाहिजे, त्याची भाकरीच्या डब्याएवढी घडी झाली पाहिजे आणि ती पर्समध्ये मावली पाहिजे. स्वेटर ह्यात नापास. डोक्यावरून काढायचा म्हटलं तर अंबाडा विस्कटतो, आणि काढला की हातात गाठोडं. तेव्हा पैसा स्वेटरवर घालू नका. शाल, पट्टा, पिन, मोजे, पिशवी ह्या बारक्या गोष्टींवर घाला. बाकीच्यांना त्या नटायच्या वस्तू वाटतात, आपल्याकडं तोच हिवाळ्याचा कपडा.

आता ऊब. ती आतून घ्यायची. लग्नाचं ब्लाउज शिवलं नसेल तर शिंप्याला सांगा, बाही मनगटापर्यंत, पाठ बंद, आणि अस्तर नेहमीच्या सुती कापडाचं नको, पातळ फ्लॅनेलचं लाव. बाहेरून कुणाला कळत नाही. मखमलीचं केलंत तर अजून बरं, मोरपंखी पैठणीखाली गडद डाळिंबी मखमल काय दिसते! माझ्याकडच्या एका नवरीला मी असं शिवून दिलं होतं. तिची आई नंतर भांडायला आली, की पोरीनं रिसेप्शनलापण तेच घातलं, दुसरं शिवलेलं वाया गेलं.

शालीचं सांगते. तुमच्या १७ मधली सगळ्यात मऊ आणि सगळ्यात कमी जरीची निवडा. शाल साधारण ४० बाय ८० इंच असते. ती पूर्ण उघडून दोन्ही खांद्यांवरून पांघरली की बाई दवाखान्यातून सुट्टी होऊन आल्यासारखी दिसते. तसं करायचं नाही. ८० इंच लांबी तशीच ठेवायची आणि रुंदीत चार पदरी घडी घालायची, म्हणजे दहा इंचाची लांब पट्टी होती. चार थरांची असल्यानं ती जिथं पडती तिथं जास्त ऊबही देती. पैठणीचा पदर तुमच्या डाव्या खांद्यावर. शाल उजव्या खांद्यावर टाकायची, पाठीमागनं फिरवायची आणि डाव्या हाताच्या कोपरात सोडायची. पदर आणि शाल एका खांद्यावर आले की दोघांचंही मातेरं.

आणि थंडी जास्त वाजली की? उजव्या खांद्यावरची बाजू पुढं सोडून कमरपट्ट्यात खोचायची. घरात चांदीचा कमरपट्टा असेल तर काढा बाहेर, नुसता संदुकीत काळा पडायलाय. नसेल तर खणाचा शिवा. दोन इंच रुंदीची पट्टी, आत कॅनव्हास, मागं टिच बटण. पाव मीटर खणात होतो, शिलाई धरून तीनशेच्या आत. हाच पट्टा शाळेत साध्या सुती साडीवर आणि त्यावरच्या बिनबाह्यांच्या लोकरी बंडीवर लावा. कंबर दिसली की माणूस नीटनेटकं दिसतं. तुमचं ते जर्किन सरळ खाली जातं, कमरेला कुठं थांबतच नाही, म्हणून पोस्टमन.

दागिने. शाल गळ्याशी आली की ठुशी गेली. तिचा मोह सोडा. मोहनमाळ घाला, ती शालीच्या घडीखालून पोटापर्यंत लोंबती आणि दिसती. कानात कुड्याच. झुमके लोकरीत अडकतात, मान वळवली की कान ओढतो आणि शालीचा धागा येतो बाहेर. दोन्हीचं नुकसान.

रंगाचं विचारलं नाही तरी सांगते. शाल मोरपंखी घेऊ नका. जुळवायला गेलं की पैठणी फिकी पडती. काठातला लाल उचला, पण मिरचीचा नको, डाळिंबाचा. नाहीतर सरळ मळकट पांढरी.

गिऱ्हाईक आलं. बाकीचं नंतर.

---

नांदेडची_पोर
२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

काकू, तुमचा पत्ता टाका ना, मी नांदेडहून येते ब्लाउज घेऊन 😄

मी स्कूटीवाली, म्हणून एकच सांगते. स्टोलची टोकं पाठीमागं मोकळी सोडू नका. मागच्या जानेवारीत माझ्या मैत्रिणीचा स्टोल चाकात गेला, गाडी हळू होती म्हणून निभावलं, मानेवर आठ दिवस वळ होता. मी आता टोकं पुढं घेऊन सनकोटच्या आत टाकते आणि चेन लावते.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला फुलकारीच्या ओढण्या मिळतात. साध्या काळ्या किंवा राखाडी ड्रेसवर ती एकच घेतली की दुसरं काही लागत नाही. आणि बंजारा भरतकामाच्या पिशव्या! आरसे, कवड्या, रंगीत दोरा. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर हे काम होतं. काढलेला स्टोल, मोजे, डबा सगळं त्यात मावतं. मी तर कवड्यांचा पट्टासुद्धा घेतलाय स्वेटरवर लावायला.

---

तुळजापूरकर
२२ नोव्हेंबर, रात्री ८:०२

कवड्यांचा पट्टा लावा, काही म्हणणं नाही. पण यात्रेत मिळते ती कवड्यांची माळ फॅशन म्हणून गळ्यात घालू नका बाई. ती आराध्यांची आहे, तुळजाभवानी आईच्या नावानं घेतात आणि तिचे नेम असतात. माझ्या आजीच्या गळ्यात होती. कॉलेजच्या गॅदरिंगला ती कुणी जीन्सवर घातलेली बघितली की माझं डोकं फिरतं. एवढंच.

---

नांदेडची_पोर
२२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

माळ नाही दादा, पिशवीवाल्या काकूंकडचा पट्टाच आहे. पण लक्षात ठेवीन.

---

मेंढरामागं (आष्टी, बीड)
२२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

बायकांच्या विषयात तोंड घालतोय, माफी असावी. लोकरीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

मॅडम, त्या १७ शालींत खरी लोकर किती ते आधी बघा. प्रत्येकीच्या गोंड्यातला एक धागा तोडा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असली तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक असलं तर वितळतं आणि टोकाला कडक काळी गाठ होते. ही गाठ गरम असताना हात लावू नका, चिकटते. मोरीत उभं राहून करा, पडद्याजवळ नको.

ॲक्रिलिकची शाल ऊब देत नाही असं नाही. पण आपली हवा हिवाळ्यात कोरडी, ते अंगावर घासलं की तडतड वीज होते, साडी पायाला चिकटते आणि केस उभे राहतात. लोकरीला हा त्रास पुष्कळ कमी.

कुणी घोंगडीचा स्टोल करायचं म्हणत असेल तर सांगतो. आमच्या वडिलांच्या मामाच्या गावात घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचे खड्डामाग होते, लहानपणी तासन् तास बघत बसायचो. दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. मागावर घालायच्या आधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळं नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. वापरून, धुऊन ती मऊ होते, पण गळ्याला टोचणार म्हणजे टोचणारच. सुती ओढणी आत घेऊन वरून घ्या. काळ्या घोंगडीच्या पट्टीवर चांदीचा दागिना जो दिसतो तो मखमलीवर दिसत नाही, हे माझं मत. आमची माय घोंगडीची खोळ करून रानात जायची, गळ्यात चांदीची सरी. तिला कुणी फॅशन शिकवली नव्हती.

ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. कसर लागली की जाळी होते.

---

बावन्नदरवाजे (छत्रपती संभाजीनगर)
२३ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

सगळं वाचलं आणि हिमरूचं नाव कुणीच काढलं नाही! मराठवाड्यात राहून शालीची चर्चा आणि हिमरू नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला इथं रुजवली असं सांगतात. ताणा सुती, बाणा रेशमी. लांबून अस्सल रेशमी किनखाब वाटतं, हातात घेतलं की हलकं आणि मऊ. उलट्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे राहतात, त्यात हवा अडकते म्हणून पातळ असूनही ते उबदार. थंडी दोनदा येणाऱ्या गावासाठी ह्याहून चांगलं काय! अंगावर घेतलं काय न् पर्समध्ये टाकलं काय, वजन नाही.

दोन सूचना. हल्ली हिमरूच्या नावावर यंत्रमागाचं कापड भरपूर विकलं जातं, उलटी बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि त्या मोकळ्या धाग्यांत अंगठीचा खडा अडकतो. मी आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावून घेतलंय.

पैठणीवर हिमरू घ्या, मॅडम. दोन्ही गोदेच्या ह्या अंगाच्या कला, एकमेकींना शोभतील.

---

कात्रीकाकू
२३ नोव्हेंबर, दुपारी २:५०

हिमरू मला आवडतं, दुकानात दोन तुकडे जपून ठेवलेत. पण पैठणीवर? नको. पैठणीचा पदर एवढा बोलतो, हिमरूची वेलबुट्टी एवढी बोलती, दोघी एकदम बोलायला लागल्या की ऐकायचं कुणाचं? हिमरू साध्या रेशमी साडीवर, नाहीतर एकरंगी ड्रेसवर घ्या, तिथं तीच राणी. पैठणीवर शाल मुकीच पाहिजे.

घोंगडीवाल्या दादांची माय डोळ्यांसमोर आली. बरोबर बोललात, काळ्यावर चांदी.

मास्तरीणबाई, आता पिनचं. हे नीट वाचा, कारण पैठणीची नासाडी सगळ्यात जास्त पिननं होती. जरीत पिन टोचायची नाही, एकदा जर तुटली की ती जागा कायमची. शाल पदराला टाचायची नसती. ती ब्लाउजच्या उजव्या खांद्याच्या शिवणीला टाचायची, तिथं कापड दुहेरी असतं. आणि टाचताना सेफ्टी पिनचा मागचा गोल वेढा असतो ना, त्यात शालीचं सूत शिरतं आणि काढताना ओढलं जातं. म्हणून पिन उघडायची, टोकातून एक बारका मणी ओवायचा, मंगळसूत्राचा सुटा काळा मणी असला तरी चालतो, तो सरकवत त्या वेढ्यापाशी न्यायचा आणि मग टोचायची. मणी आड येतो, कापड आत जात नाही. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, पहिल्या आठवड्यात, कात्री हातात द्यायच्या आधी.

वरून दिसायला नथीच्या आकाराची साडीपिन लावा, हल्ली सगळीकडं मिळती. ती नुसती शोभेला. वजन आतल्या पिननं धरायचं.

पायाचं राहिलं. अंगठा वेगळा असलेले मोजे घ्या, अंगाच्या रंगाचे नको, ते मेलेल्या पायासारखे दिसतात. मरून किंवा काळे. मासोळ्या तेवढ्या काढून ठेवा, साधी जोडवी मोज्यात बसतात. वर बंद मोजडी. लॉन्सवर दव पडतं, रात्री नऊनंतर गवत ओलं असतं, उघड्या चपलेत पाय गार पडले की शाल कितीही घ्या, हुडहुडी जात नाही.

---

खोबरंवडी
२३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

काकू, मण्याची युक्ती आत्ता करून बघितली. एवढी वर्षं साड्यांना भोकं पाडत होते. कोटाचा सल्ला मागे घेते 🙏

---

येळवसवाली (लातूर)
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

कान कुणीच झाकले नाहीत की ओ. कानटोपी घातली की अंबाडा चपटा आणि केसांतला गजरा मेला. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, पहाटे उठून भज्जी न् आंबिल करायची, टोपली भरायची आणि शेतात जायचं. त्या गारठ्यात माझ्या आजेसासूबाई काय करायच्या? पदर डोक्यावरून घ्यायच्या, दोन्ही कानांवरून खाली आणून हनुवटीखाली उजवीकडं खोचायच्या. बस. कान गरम, कपाळावरचं कुंकू दिसतं, आणि शेतात पोचल्यावर पदर खाली. मी शाळेत जाताना सुती साडीचा पदर असाच घेते आणि खोचायच्या जागी एक छोटी चांदीची पिन लावते. तरुण मास्तरणी विचारतात कुठून शिकलात म्हणून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी साडी नेसाल तेव्हाही हेच करा. काळ्या पदराच्या कडेला ती एक पिन चमकते. हलव्याचे दागिने घालणार असाल तर मात्र लोकर जवळ आणू नका. हलवा लोकरीत चिकटला की निघत नाही, आणि मुंग्या लागतात ते वेगळंच.

---

मास्तरीणबाई
१४ डिसेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांना नमस्कार. लग्न झालं. रिपोर्ट देते.

आधी काडीची परीक्षा. मोरीत उभी राहून १७ धागे जाळले, सासूबाई दाराशी येऊन दोनदा बघून गेल्या. १७ पैकी १६ शाली वितळल्या. त्यावर मी एका प्रदर्शनात 'प्युअर पश्मिना' म्हणून साडेसहाशेला घेतलेला स्टोल काढला. त्याचीही गाठ झाली. साडेसहाशेला पश्मिना मिळेल असं मला वाटलं, ह्याबद्दल मीच स्वतःला छडी मारायला पाहिजे.

एकच शाल खरी निघाली. मळकट पांढरी, कडेला बारीक तपकिरी रेघ, जरीचा पत्ता नाही. सासऱ्यांना निवृत्तीच्या वेळी गावकऱ्यांनी दिलेली. साधी म्हणून ती सगळ्यात खाली टाकलेली होती. सासऱ्यांना विचारलं, घेऊ का? ते म्हणाले, "घे की. वर्गणी काढून घेतली होती त्यांनी, चांगलीच असणार." मग बराच वेळ कुणी किती दिले होते ते सांगत बसले. त्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत.

ब्लाउज मखमलीचं नाही जमलं, वेळ नव्हता. जुन्यालाच फ्लॅनेलचं अस्तर लावून घेतलं आणि बाह्यांना जोड दिला. शाल उजव्या खांद्यावर, मणी ओवलेली पिन आत, वर नथीची पिन. मोहनमाळ, कुड्या. मरून मोजे. खणाचा पट्टा, डाळिंबी. एकूण खर्च १,१४०, मोजडी धरून.

जालन्यात त्या रात्री अशी थंडी होती की वाजंत्रीवाले ताशे शेकत होते. वरातीत माझी एकटीची पैठणी दिसत होती, बाकी सगळीकडं स्वेटर आणि मुंडाशी. दहानंतर लातूरच्या ताईंसारखा पदर कानांवरून घेतला. नवऱ्याच्या आत्यानं जवळ येऊन नुसतंच बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईसारखी दिसायलीस." कौतुक होतं का टोमणा ते अजून कळलं नाही. पण तिनं मग पाठवणी होईपर्यंत माझा हात सोडला नाही.

बिघडलं तेही सांगते. एक, नणंदेनं आग्रह केला म्हणून शेवटी कुड्या काढून झुमके घातले. काकूंचं ऐकायला पाहिजे होतं. पाठवणीला नणंद गळ्यात पडली, रडली, आणि उठताना माझा झुमका तिच्या शेल्यात. दोघी रडत रडत पाच मिनिटं तशाच उभ्या. फोटोग्राफरला वाटलं काय माया आहे, त्यानं वीस फोटो काढले.

दोन, खणाचा पट्टा. जेवण होईपर्यंत छान बसला. वांग्याची भाजी, पुऱ्या, गुलाबजाम. मठ्ठा घ्यायला वाकले आणि मागचं टिच बटण असं काही उडालं की शेजारच्या पंगतीतल्या आजोबांनी वळून बघितलं. उरलेला वेळ पट्टा सेफ्टी पिनवर. मणी न ओवता.

सोमवारी तोच पट्टा दुरुस्त करून शाळेत लावून गेले, सुती साडीवर राखाडी बंडी, आणि वितळणाऱ्या १६ पैकी एकीचा उभा अर्धा भाग कापून केलेला स्टोल. शिपाई मामांनी घंटेपाशी उभं राहून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आज टपाल नाही वाटतं."

काकू, पट्ट्याचं काय करू? कंबर मोजूनच शिवला होता.

---

कात्रीकाकू
१५ डिसेंबर, दुपारी ३:३०

मोजलीत कधी? सकाळी उपाशीपोटी ना? एक बटण काढा, दोन ओळींत मिळून सहा लावा, ओळींत दीड इंच अंतर ठेवा. पहिली ओळ वरातीची, दुसरी पंगतीची.